हरवत्या भित्तिचित्रांच्या नोंदी : अजिंठा आणि बाघ

महाविद्यालयात अजिंठ्याची चित्रकला शिकवताना पुस्तकातील एखादे पान विद्यार्थ्यांपुढे धरले जाते. त्या पानावर पुष्कळदा भित्तिचित्राची नक्कल असते. ती नक्कल कोणी केली, कोणत्या साली केली आणि त्या वेळी भिंतीवर प्रत्यक्षात किती चित्र शिल्लक होते, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. मूळ चित्राचा बराच भाग नष्ट झाला की नक्कल हाच दस्तऐवज होतो. म्हणून कलाकृती या नात्याने तिचे कौतुक करण्यापूर्वी पुरावा या नात्याने तिची पारख होणे आवश्यक आहे.

अजिंठ्याची चित्रे नाजूक का, हे त्यांच्या तंत्रावरून कळते. खडकावर मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग, अशी ही रीत आहे. ओल्या चुन्यावर रंगवण्याच्या युरोपीय ‘फ्रेस्को’ पद्धतीहून ती वेगळी असल्याने रंग भिंतीत मुरत नाही. पावसाचे झिरपणारे पाणी, कीटक, वटवाघळे व धूर यांनी गिलाव्याचे पापुद्रे सुटत गेले. १८१९ मध्ये इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ तेथे पोहोचल्यानंतर लेण्यांचा बोभाटा झाला आणि चित्रांचे तुकडे काढून नेणाऱ्या हौशी पाहुण्यांची त्यात भर पडली.

पहिली मोठी नोंद मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची. १८४४ पासून १८६३ पर्यंत त्यांनी मोठ्या कापडांवर तैलरंगात नकला केल्या. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत मोजक्या वगळता जळाल्या. १८५६ मध्ये लंडनला निघालेल्या श्रीमती स्पीअर यांच्या प्राचीन भारतावरील ग्रंथात त्यांपैकी काहींची छोटी ठशांची चित्रे आली होती, तेवढाच मागमूस उरला. जवळजवळ वीस वर्षांचे काम एकाच छपराखाली ठेवल्याचा हा परिणाम होय.

१८७२ मध्ये मुंबई सरकारने तेच काम जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडे सोपवले. तेरा वर्षांत सुमारे ३०० कापडे तयार झाली. तीही लंडनला रवाना झाली आणि १८८५ मध्ये तेथील आगीत शंभराहून अधिक नष्ट झाली. दोन्ही संचांतील १६६ चित्रे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात उरली आहेत. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला म्हणूनच हे काम अभ्यासकांच्या हाती पोहोचले. मात्र त्याची किंमतही मोजावी लागली. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश फासले गेले आणि त्याने मूळ रंगांची हानी झाली. नोंद घेण्याच्या क्रियेनेच मूळ वस्तू बिघडते, याचे हे ठळक उदाहरण आहे. शिवाय या नकलांवर ग्रिफिथ्स यांचे नाव सर्वतोमुखी झाले. विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे एखादेच नाव लोकांच्या स्मरणात राहिले.

१९०९ ते १९११ या काळात क्रिस्तियाना हेरिंगहॅम यांच्या तुकडीने नव्या नकला केल्या. नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्याबरोबर हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीनही त्यांत होते. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नकला देखण्या आहेत. बंगालच्या नव्या चित्रशैलीला त्यांनी बळ दिले, हेही खरे. परंतु गळालेल्या जागा भरून मूळ चित्र कसे असेल ते दाखवण्याकडे त्यांचा कल आहे. त्यामुळे एखादा हात किंवा अलंकार भिंतीवरचा की नक्कलकाराच्या कल्पनेतला, हे वाचकाला ठरवता येत नाही. आनंदासाठी त्या पाहाव्यात. पुरावा म्हणून वापरताना दुसऱ्या नोंदीशी ताडून घ्याव्यात.

त्या काळी लेणी निजामाच्या मुलखात होती. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाचे पुराणवस्तू खाते सुरू झाले. त्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी नकलेऐवजी छायाचित्र हा आधार धरला. ई. एल. व्हॅसी यांच्या छायाचित्रांवर आधारलेले त्यांचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात निघाले. सय्यद अहमदही पुढे अजिंठ्याच्या जतनकार्यात राहिले. यझदानींच्या ग्रंथातील रंग आज फिके वाटतील. पण भिंतीवरचे भोक तेथे भोकच दिसते, आणि लेणे क्रमांक व भिंत यांच्या आधाराने वर्णन जागेवर ताडून पाहता येते. स्वतःची उणीव न लपवणारी नोंद म्हणून हे काम वरच्या प्रतीचे ठरते.

मध्य प्रदेशातील बाघ लेण्यांचा अनुभव याहून कठोर आहे. चौथ्या व पाचव्या लेण्यांपुढील ओसरी कोसळल्याने तिच्या मागच्या भिंतीवरील चित्रपट्टी ऊनपावसाला उघडी पडली. १९२१ मध्ये ग्वाल्हेर दरबाराने नंदलाल बोस, असितकुमार हालदार, सुरेंद्रनाथ कर आणि त्यांच्यासह काही मराठी चित्रकारांकडून नकला करून घेतल्या. दरबारचे पुरातत्त्व अधिकारी मो. ब. गर्दे यांचा सहभाग असलेला ग्रंथ १९२७ मध्ये निघाला. पुढे उरलेल्या चित्रांचे भागच संरक्षणासाठी भिंतीवरून काढावे लागले. आज ती मिरवणूक आणि ते नृत्यदृश्य सलग पाहायचे तर या नकलांकडेच वळावे लागते. ग्वाल्हेरच्या गुजरी महाल संग्रहालयात नकला राहिल्या, हा अजिंठ्याच्या तुलनेत शहाणपणाचा निर्णय होता.

या साऱ्यातून वर्गासाठी एक साधी कसोटी मिळते. एकाच दृश्याच्या दोन-तीन नोंदी शेजारी ठेवाव्यात आणि विद्यार्थ्यांना तीन रकाने भरायला सांगावेत : काय दिसते, काय गेले, काय भरले गेले. चित्रकलेचा विद्यार्थी नसला तरी कोणालाही हे जमते, आणि पुरावा व कल्पना यांतील फरक त्याला हाताने शिकता येतो.

२०२३ मध्ये जिल्हा झालेल्या पांढुर्ण्यात किंवा सौंसरला हाच पाठ गावातल्या भिंतींवर करता येईल. जुना वाडा, देऊळ, दर्गा, शाळा यांच्या रंगवलेल्या भिंतींवर नवा रंग चढायला एक सण किंवा एक लग्न पुरते. त्याआधी छायाचित्र, मोजमाप, तारीख, ठिकाण आणि रंगवणाऱ्याचे नाव एवढे लिहून त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. गिल यांच्या नकलांची दुसरी प्रत कोणी ठेवली असती, तर क्रिस्टल पॅलेसच्या आगीत एवढे सारे हरवले नसते.