हिरवी पाटी, काचेची भिंत

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसले आहे. मार्च-एप्रिलचे काही आठवडे सोडले तर इथे पंख्यावर भागते. अशा गावात इमारत थंड ठेवणे हा वास्तुकाराच्या दृष्टीने सर्वांत सोपा प्रश्न असायला हवा होता. प्रत्यक्षात आउटर रिंग रोडच्या दुतर्फा नखशिखान्त काचेने मढवलेल्या, उघडताच न येणाऱ्या खिडक्यांच्या, बारमाही वातानुकूलित इमारतींची रांग लागली आहे, आणि त्यांतल्या कित्येकींच्या दारात पर्यावरणस्नेही असल्याची प्लॅटिनम नाहीतर गोल्डची पाटीही आहे. (हिंजवडीकरांना हे चित्र नवे नाही.) ही ढोंगबाजी आहे असे म्हणून मोकळे होता येते, पण ते पुरेसे नाही. या शहरातल्या वास्तुकलेकडे ना तंत्राची उणीव आहे ना प्रतिभेची. तिने यश कशाने मोजायचे, तिथे गल्लत झाली आहे.

लीडसारख्या हरित इमारतींच्या मानांकनात विजेच्या बचतीचे गुण देताना नियोजित इमारतीची तुलना तिच्याच आकाराच्या एका काल्पनिक इमारतीशी केली जाते. काल्पनिक इमारतही वातानुकूलितच धरली, की स्पर्धा उरते ती दोन यंत्रणांमध्ये. मुळात यंत्रणा किती हवी, हा प्रश्न कागदावर येतच नाही. ही स्पर्धा निरर्थक आहे असे मात्र नव्हे. बेंगळुरूच्याच इन्फोसिसने २०११ मध्ये हैदराबादेत एक इमारत दोन सारख्या भागांत बांधली. एका भागात नेहमीचे वातानुकूलन ठेवले, दुसऱ्यात स्लॅबमधून थंड पाणी फिरवले. दुसऱ्या भागात गारव्यासाठी साधारण एक तृतीयांश कमी वीज लागली. इतका चोख प्रयोग आपल्याकडे विरळा. पण हैदराबादच्या उन्हाळ्यासाठी काढलेले उत्तर बेंगळुरूने जसेच्या तसे उचलावे का?

दुसरे उत्तर गावातच उभे आहे. डोमलूरच्या टेरी संस्थेची इमारत वास्तुकार संजय मोहे यांनी रचली, तेव्हा जागेच्या दक्षिणेला दुर्गंधीयुक्त नाला होता. त्यांनी ती बाजू जवळजवळ बंद केली आणि भिंतीबाहेर, मध्ये पोकळी सोडून, कडप्प्याच्या लाद्या बसवल्या. आपल्याकडे स्वयंपाकाच्या ओट्याला असतो तोच काळा दगड. उन्हाने लाद्या तापतात, पोकळीतली हवा गरम होऊन वर निघून जाते आणि तिच्या जागी उत्तरेकडची ताजी हवा खोल्यांतून ओढली जाते. नाल्याचा वास आत येत नाही आणि वाऱ्यासाठी मोटार लागत नाही. जागेतला दोष आणि दक्षिणेचे ऊन या दोन्ही अडचणींतून इमारतीला तिचे रूप मिळाले आहे. बाळकृष्ण दोशींच्या आयआयएमच्या आवारातही स्थानिक ग्रॅनाइटच्या भिंती आणि वेलींनी झाकलेले उघडे मार्ग हेच काम करतात. त्यापुढे विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलमधला बांबू, कितीही देखणा असला तरी, मला बराचसा सजावटीचाच वाटतो.

वीज तरी महिन्याच्या बिलात दिसते. भिंत बनवताना जळालेले इंधन कुठेच दिसत नाही, आणि इमारतीला वातानुकूलन जितके कमी लागेल तितका एकूण हिशेबात त्या इंधनाचा वाटा मोठा होतो. म्हणूनच बेंगळुरूत तो आधी तपासायला हवा. त्याची तपासणी झालीही आहे, तीही इथेच. भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये अमूल्य रेड्डींनी ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट उभारला. त्या परंपरेतल्या व्यंकटरामा रेड्डी आणि जगदीश यांनी २००३ मध्ये दाखवून दिले, की ६ ते ८ टक्के सिमेंट घालून यंत्रात दाबलेल्या मातीच्या ठोकळ्याला भाजक्या विटेच्या जेमतेम एक चतुर्थांश ऊर्जा लागते. हा ठोकळा भट्टीत जात नाही. त्याच्यावर काही आठवडे पाणी मारले की झाले. चित्रा विश्वनाथ यांच्या बायोम या वास्तुसंस्थेने तळघरासाठी खणलेल्या मातीचेच ठोकळे पाडून त्याच घराच्या भिंती उभारण्याची रीत रुळवली. माती टाकायला जाणारा ट्रकही वाचला आणि विटा आणणाराही.

यावर आक्षेप येतो, की ही बंगलेवाल्यांची हौस आहे. जमिनीचे भाव पाहता शहर उंचच वाढणार आणि वीस मजले मातीवर उभे राहत नाहीत. आक्षेप अर्धा खरा आहे. भार पेलणारी मातीची भिंत दोन-तीन मजल्यांपर्यंतच ठीक. पण बेंगळुरू केवळ टॉवरांचे नाही, तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटांचेही आहे, आणि तिथेही मजले कमी असोत की जास्त, सवयीने आरसीसीचे खांबच उभे राहतात. शिवाय टॉवरमध्ये भार खांबांवर असतो. मधल्या भिंती कशाच्या असाव्यात, हे ठरवायला वास्तुकार मोकळाच असतो. खरी अडचण कारागिरांची आहे. गिलाव्याशिवाय उघडी ठेवायची भिंत सरळ रचणारा गवंडी मिळणे कठीण झाले आहे आणि बिल्डरला थांबायला वेळ नाही. पण ही झाली धंद्याची अडचण. तिच्यासाठी मातीला दोष देता येत नाही.

पाण्याच्या बाबतीत मोजमापाची हीच गल्लत अधिक महाग पडते. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवून शहरात येते. म्हणजे इथे पाणी वाया घालवणे म्हणजे वीज वाया घालवणे. पाण्यावर चालणारी मोठी वातानुकूलन यंत्रणा आपल्या कूलिंग टॉवरमधून पाणीच दिवसभर वाफ करून उडवते. उलट, तीस बाय चाळीसच्या छतावर वर्षाकाठी लाखभर लिटर पाऊस पडतो. अशा प्लॉटवरच्या नव्या घरांना तो साठवणे किंवा जमिनीत मुरवणे २००९ पासून बंधनकारक आहे. तरीही मार्च २०२४ मध्ये पिण्याचे पाणी बांधकामाला वापरल्यास ५,००० रुपये दंड जाहीर करण्याची वेळ पाणीपुरवठा मंडळावर आली. नियम होता, पण गच्चीचा उतार, पाइपांची वाट आणि टाकीची जागा पहिल्या आराखड्यातच ठरावी लागते. परवान्यासाठी शेवटी जोडलेल्या एका पिंपाने ते काम होत नाही.

२०१७ च्या ऊर्जा संवर्धन संहितेने व्यापारी इमारतींच्या बाह्यभिंतीत काचेचे प्रमाण ४० टक्क्यांवर रोखले, आणि २०१८ च्या इको निवास संहितेने घराच्या भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली. दोन्ही पावले योग्यच आहेत. मात्र भिंतीतून उष्णता किती आत येते, हे विचारणाऱ्या त्या २०१८ च्या संहितेने ती भिंत घडवायला किती कोळसा लागला, हे विचारलेले नाही.