मानवत : उत्तर सापडलं, पण कुणाला?

आजचा विषय आहे खेड्यात घडणारी पोलीस-रहस्यकथा. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ. 'मानवत मर्डर्स' ही मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आली. दिग्दर्शक आशिष बेंडे. बहुतेकांनी पाहिली असेल, म्हणून कथानक सांगत बसत नाही.

आधी साचा पाहू. तो फ्रान्समध्ये चांगला मुरलेला आहे. सिमेनॉनचा इन्स्पेक्टर मेग्रे पॅरिसहून एखाद्या गावात येतो. गाव तोंड उघडत नाही. तो खानावळीत बसतो, पाइप ओढतो, ऐकत राहतो. शेवटी गुंता सुटतो आणि तो परत जातो. वाचकाला समाधान कशाचं? गावाला स्वतःबद्दल जे कळलं नाही, ते शहरातून आलेल्या एका शहाण्या माणसाला कळलं, याचं.

आता मानवत. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात तिथे एकामागून एक खून झाले. दहाच्या आसपास वयाच्या मुली, पस्तिशीच्या बायका, एक वर्षाचं तान्हं मूल. साल लक्षात घ्या, बहात्तरचा दुष्काळ. स्थानिक तपास अडला, तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. १९६८च्या रामन राघव प्रकरणामुळे त्यांचं नाव झालेलं होतं. त्यांनी नंतर आठवणींचं पुस्तक लिहिलं, आणि मालिका त्यावर बेतलेली आहे. म्हणजे साचा आयताच मिळाला : बाहेरून आलेला अधिकारी, मिटलेलं गाव.

मालिका वाईट आहे का? मुळीच नाही. आशुतोष गोवारीकरांचा कुलकर्णी आवाज चढवत नाही, टाळ्यांची वाक्यं फेकत नाही. मकरंद अनासपुरे यांना आपण वर्षानुवर्षं हसण्यासाठी पाहत आलो. इथे त्यांच्या शांतपणाची भीती वाटते. सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर यांनी आपापल्या बायका केवळ 'दुष्ट' होऊ दिल्या नाहीत. माझी तक्रार अभिनयाबद्दल नाहीच. ती ज्ञानाबद्दल आहे : कुणाला काय कळलं, आणि कशावरून?

फिर्यादी पक्षाचं म्हणणं थोडक्यात असं होतं. गुप्तधन हवं, मूल हवं; पिंपळावरच्या मुंजाला बळी दिले तर ते मिळेल. त्यासाठी कट झाला. कटाच्या केंद्रस्थानी एक पुरुष आणि एक स्त्री. नावं मी मुद्दाम घेत नाही, कारण सत्र न्यायालयानं दोषी ठरवलेल्या या दोघांना उच्च न्यायालयानं सोडलं. १९७७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरही ते सुटलेलेच राहिले. खून झाले हे खरं. काहींचा अपराध सिद्ध झाला हेही खरं. पण ज्या सूत्रावर सगळी गोष्ट उभी आहे, ते सूत्र त्या दोघांपर्यंत कायद्यानं पोचलं नाही.

का नाही पोचलं? माफीचा साक्षीदार हा स्वतः गुन्ह्यातला वाटेकरी असतो. आपली मान सोडवण्यासाठी तो दुसऱ्याची अडकवू शकतो. म्हणून त्याच्या शब्दाला स्वतंत्र दुजोरा लागतो, आणि तो प्रत्येक आरोपीपुरता वेगळा लागतो. कबुलीजबाब दंडाधिकाऱ्यासमोर कसा नोंदवला जातो, यालाही तितकंच महत्त्व आहे. 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावानं हा निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. मानवतनं देशाला दिलेली ही गोष्ट फार थोड्या मानवतकरांना ठाऊक असेल.

आता अडचण पाहा. रहस्यकथा प्रेक्षकाला वचन देते : शेवटी तुला कळेल. 'शंका आहे, पण सिद्ध होत नाही' हे वाक्य तिला परवडत नाही. न्यायालयाला परवडतं, नव्हे, ते म्हणण्यासाठीच न्यायालय असतं. मालिका अधिकाऱ्याच्या डोळ्यांनी पाहते, आणि त्याची खात्री नकळत आपली खात्री होते. सुटलेल्या माणसाला पडदा पुन्हा शिक्षा देतो, आणि तिथे अपील नसतं.

फ्रान्समध्येही हे झालंय. १९५२ साली लुर्स गावाजवळ एका इंग्रज कुटुंबातल्या तिघांचा खून झाला. गास्तों दोमिनिची या म्हाताऱ्या शेतकऱ्याला फाशीची शिक्षा झाली. पुढे ती जन्मठेपेत बदलली आणि १९६०मध्ये त्याला सोडलं. कादंबरीकार जाँ जियोनो खटल्याला हजर होता. त्याचं निरीक्षण असं की, म्हाताऱ्याजवळ अगदी मोजके शब्द होते आणि न्यायाधीशांची भाषा वेगळीच होती. रोलाँ बार्थ पुढे गेला : न्यायालयानं पुस्तकी मानसशास्त्रातून एक शेतकरी रचला आणि त्याला शिक्षा दिली.

हा प्रश्न मानवतला जास्तच लागू होतो. इथल्या गोष्टीत पारधी समाज आहे. १८७१च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांत पारधीही होते. तो शिक्का कागदावरून पुसायला १९५२ उजाडलं. मग वीसच वर्षांनी हे खून. अशा समाजातली बाई पडद्यावर आली की प्रेक्षकाचं मन निम्मा निकाल आधीच देऊन बसतं. मालिकेनं या सवयीशी भांडायला हवं होतं. ती थोडं भांडते आणि तपासाच्या वेगात पुढे निघून जाते.

याच प्रकरणावर आधी एक चित्रपट झाला होता. 'आक्रीत', १९८१. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन अमोल पालेकरांचं, आणि तेही पहिलंच. फ्रान्समधल्या नान्तच्या महोत्सवात त्याला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. त्यात माणसांची नावं बदललेली आहेत, आणि भर 'कोण' यापेक्षा 'कसं' यावर आहे. पैसा, वासना, सत्ता आणि भीती एका घरात एकत्र आल्या की काय होतं, ते तो दाखवतो. कुणा शहाण्याच्या येण्यानं तिथे दिलासा मिळत नाही. म्हणून मला तो अधिक प्रामाणिक वाटतो, करमणूक कमी असली तरी.

मालिका जरूर पाहा. फक्त पाहताना दोन प्रश्न जवळ ठेवा. हे मला माहीत आहे, की मला पटवलं गेलंय? आणि गाव इतके महिने गप्प का होतं? पहिल्या प्रश्नासाठी निकालपत्र वाचता येईल. दुसऱ्याचं उत्तर मुंबईहून आलेला कुणीही देऊ शकत नाही. ते आपल्यालाच, इथेच, एकमेकांना विचारावं लागेल; कारण जादूटोणाविरोधी कायदा २०१३मध्ये झाला, तरी गुप्तधनाच्या बातम्या अजून येतातच.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.