कांदा, चहा आणि हृद्रोग : एका अनुमानाची परीक्षा

सिन्नर तालुक्याच्या कोरडवाहू गावांत बाजरीची भाकरी आणि कांदा हे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आहे. कांद्यात क्वेर्सेटिन नावाचे फ्लॅव्होनॉइड वर्गातील द्रव्य असते व ते ऑक्सिडीकरणरोधक आहे, ही गोष्ट रसायनशास्त्राने निर्विवाद सिद्ध केली आहे. यावरून ‘आपल्या कांदा-भाकरीने हृदयाचे रक्षण होते’ असे प्रतिपादन सर्रास केले जाते, आणि ते करणारांत सुशिक्षितांची संख्या थोडी नाही. प्रतिपादन सुखावह आहे. परंतु ज्या पुराव्यावर ते उभे आहे त्याचे वजन किती, हा प्रश्न पदव्युत्तर अभ्यासकाने तरी टाळू नये.

रक्तातील अल्पघनतेच्या मेदप्रथिनाचे रोहिणीच्या भित्तिकेत ऑक्सिडीकरण होते व त्यातून रोहिणीकाठिण्याला चालना मिळते, हा सिद्धान्त १९८९ साली डॅनियल स्टाइनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सविस्तर मांडला. ऑक्सिडीकरण थांबविणारे द्रव्य पोटात गेले तर रोग थांबावा, ही अपेक्षा त्यातून साहजिकच निर्माण झाली. तथापि परीक्षानळीत जे घडते ते मनुष्यदेहात घडतेच असे नाही. आणि घडले तरी त्याने मृत्यू टळतो की नाही, हे पुन्हा निराळेच पाहावे लागते.

कांद्याच्या बाजूने सर्वांत अधिक उद्धृत होणारा पुरावा हॉलंडमधील झुटफेन गावचा आहे. तेथील ६५ ते ८४ वर्षे वयाच्या ८०५ पुरुषांच्या आहाराची नोंद १९८५ साली घेऊन पुढे पाच वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. १९९३ साली हेर्टॉग प्रभृतींनी जो निष्कर्ष प्रसिद्ध केला त्याप्रमाणे, फ्लॅव्होनॉइडे सर्वाधिक घेणाऱ्या तृतीयांशात हृद्रोगाने मृत्यू येण्याची जोखीम सर्वांत कमी घेणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होती. ही द्रव्ये ६१ टक्के चहातून, १३ टक्के कांद्यातून व १० टक्के सफरचंदांतून आली होती. म्हणजे ज्या निष्कर्षावर कांद्याचे माहात्म्य उभारले जाते तो वस्तुतः प्राधान्याने चहाचा निष्कर्ष आहे! शिवाय हृद्रोगाने झालेले मृत्यू अवघे ४३ होते. एवढ्या अल्प संख्येवर एवढा मोठा इमला रचणे धाडसाचे होय.

त्याच हेर्टॉग यांनी वेल्समधील केरफिली येथील ४५ ते ५९ वर्षे वयाच्या १९०० पुरुषांचा चौदा वर्षांचा वृत्तान्त १९९७ साली दिला. तेथेही ही द्रव्ये मुख्यतः चहातूनच येत होती. मात्र हृद्रोगाच्या प्रादुर्भावाशी त्यांचा काही संबंध दिसला नाही, आणि एकूण मृत्युमान तर अधिक सेवन करणाऱ्यांतच अधिक आढळले. वेल्समधील लोक आपल्याप्रमाणेच चहात दूध घालतात. दुधामुळे द्रव्याचे शोषण होत नसावे, असे स्पष्टीकरण सुचविण्यात आले. निष्कर्ष प्रतिकूल आल्यावर सुचलेल्या स्पष्टीकरणाकडे नेहमीच साशंकतेने पाहिले पाहिजे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दुधाने चहातील फ्लॅव्होनॉलांच्या शोषणात फरक पडत नाही असेच आढळले. यापेक्षा साधे उत्तर असे की, केरफिलीत भरपूर चहा पिणारा मनुष्य बहुधा कष्टकरी व धूम्रपान करणारा होता. चहा हे तेथे एका जीवनक्रमाचे चिन्ह होते. हीच शंका झुटफेनच्या अनुकूल निष्कर्षालाही लावावयास नको काय? प्रतिकूल पुराव्याला जी कसोटी, तीच अनुकूलाला लावली नाही तर ती समीक्षा नसून वकिली ठरते.

या शंकेचे निरसन निरीक्षणाने होत नाही, प्रयोगानेच होते. जीवनसत्त्व ई याचे उदाहरण या दृष्टीने फार बोधप्रद आहे. १९९३ साली अमेरिकेतील ८७,२४५ परिचारिकांच्या अभ्यासात हे जीवनसत्त्व सर्वाधिक घेणाऱ्यांत हृद्रोगाची जोखीम सुमारे एकतृतीयांशाने कमी दिसली. पुढे चिठ्ठ्या टाकाव्यात त्या यदृच्छापद्धतीने गट पाडून प्रयोग झाले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ या प्रयोगातील ९,५४१ व्यक्तींपैकी जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू यांचे प्रमाण १६.२ टक्के, तर निर्गुण गोळी घेणाऱ्यांत १५.५ टक्के भरले. २००२ साली ब्रिटनमधील २०,५३६ व्यक्तींवरील प्रयोगात ई, सी व बीटा-कॅरोटीन ही तिन्ही एकत्र देण्यात आली. रक्तातील त्यांची पातळी चांगलीच वाढली, परंतु फायदा शून्य. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपायी पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष (१९९४) तर धक्कादायक होता : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी वाढले.

यावर एक आक्षेप घेतला जातो व तो उपेक्षणीय नाही. रोहिणीकाठिण्य तारुण्यापासून दशकानुदशके वाढत असते. उतारवयात चार-पाच वर्षे गोळी देऊन आयुष्यभराच्या आहाराची परीक्षा कशी होणार? शिवाय कांदा म्हणजे केवळ क्वेर्सेटिन नव्हे. हे दोन्ही मुद्दे आम्हांस मान्य आहेत. परंतु त्यांतून निघते ते इतकेच की, प्रयोगांनी कांद्याविरुद्ध निर्णय दिलेला नाही. कांद्याच्या बाजूने निर्णय त्यातून कसा निघतो, हे समजत नाही. गोळ्यांच्या व अर्कांच्या विक्रेत्यांना तर या आक्षेपाचा आश्रय मुळीच घेता येत नाही, कारण त्यांचा सारा दावा सुट्या द्रव्याविषयीच असतो.

आपल्याकडील एक जुने उदाहरणही येथे आठवते. पश्चिम रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ साली रेल्वे कर्मचाऱ्यांतील हृद्रोगाच्या मृत्यूंची तुलना करून दाखविले की, तूप-दूध भरपूर खाणाऱ्या उत्तरेकडील कर्मचाऱ्यांपेक्षा, स्निग्धांश अल्प व तोही वनस्पतिज तेलांतून घेणाऱ्या दक्षिणेकडील कर्मचाऱ्यांत हे मृत्यू सातपट होते. तुपाचे कैवारी हा निबंध आजही पुढे करतात. पण त्यात तुलना आहे ती प्रदेशांची. कोणत्या व्यक्तीने काय खाल्ले व तिला पुढे काय झाले, हे त्यातून कळत नाही.

आता पुन्हा सिन्नरकडे वळू. येथे कांदा जवळजवळ प्रत्येक जण खातो. ज्या गोष्टीत व्यक्तिव्यक्तींत फरकच नाही, तिचा परिणाम त्या समाजात मोजता येत नाही. जेफ्री रोझ यांनी १९८५ साली धूम्रपानाच्या बाबतीत हाच मुद्दा मांडला होता. याउलट ज्या गोष्टीत फरक आहे आणि जिचा पुरावा भक्कम आहे ती सिन्नरच्या घराघरांतून तयार होत आली आहे. विडी हा या गावाचा जुना धंदा. टेंभुर्णीच्या पानात तंबाखू भरून विड्या वळण्यावर असंख्य स्त्रियांनी संसार चालविले. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाच्या २००६ सालच्या वृत्तान्तानुसार, केवळ विडी ओढणाऱ्यांत हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याची जोखीम कधीच धूम्रपान न करणाऱ्यांच्या २.८९ पट आढळली; नुसता तंबाखू चघळणाऱ्यांतही ती २.२३ पट होती. मुंबईतील सुमारे एक लाख लोकांच्या पाहणीत (२००५) पुरुषांचे मृत्युमान, तंबाखू न सेवणाऱ्यांच्या तुलनेने, सिगारेट ओढणाऱ्यांत १.३७ पट, तर विडी ओढणाऱ्यांत १.६४ पट निघाले. हाही पुरावा निरीक्षणाचाच आहे, प्रयोगाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण देशोदेशीच्या पाहण्यांतील एकवाक्यता, मात्रेबरोबर वाढणारी जोखीम आणि व्यसन सोडल्यावर तिचे उतरणे, यांमुळे त्याला जे बळ येते ते फ्लॅव्होनॉइडांच्या पुराव्यास अद्याप आलेले नाही.

कोणा विद्यार्थ्यास या तालुक्यात आहार व हृद्रोग या विषयावर काम करावयाचे असेल, तर त्याने आपल्या प्रश्नावलीत विडी, चघळण्याचा तंबाखू व मशेरी यांची नोंद प्रथम करावी : कितव्या वर्षी सुरुवात, दिवसाला किती, सोडली असल्यास केव्हा. त्यानंतर जमीन किती, शाळा किती इयत्तांपर्यंत, बालपणी दुष्काळाची झळ किती, हे विचारावे. २००४ साली ब्रिटनमधील स्त्रियांच्या अभ्यासात रक्तातील जीवनसत्त्व सी याची पातळी बालपणीच्या दारिद्र्याशीही निगडित असल्याचे दिसून आले होते. कांद्याचा रकाना त्याखाली यावा.