ऑर्गन घरचा, वाद्यवृंद पाहुणा

इंग्लंडच्या कॅथीड्रलमध्ये आणि कॉलेजांच्या चॅपलमध्ये संध्याकाळच्या उपासनेला गायकांना साथ असते ती ऑर्गनची. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा ताफा पाहा : सोळा मुलगे, चौदा तरुण गायक आणि ऑर्गन. या परंपरेत वाद्यवृंद कधी घरचा झालाच नाही. तो सणासमारंभाला येणारा पाहुणा राहिला आणि त्याच्यासाठी लिहिलेल्या धार्मिक समूहगानाचं वैभव आणि दैन्य दोन्ही त्यातूनच आलं.

१६६० मध्ये राजेशाही परतली. दुसऱ्या चार्ल्सने फ्रेंच दरबाराच्या धर्तीवर चोवीस व्हायोलिनवादक बाळगले आणि त्यांतले काही राजाच्या चॅपलमध्येही वाजवू लागले. ब्लो आणि पर्सेल या संगीतकारांनी त्यांच्यासाठी तंतुवाद्यांचे तुकडे गुंफलेली अँथेम, म्हणजे उपासनेतली समूहगीतं, रचली. पण राजाची हौस त्याच्याबरोबरच ओसरली.

पाहुण्याचा खरा थाट दाखवला हँडलने. १७२७ च्या राज्याभिषेकासाठी त्याने लिहिलेल्या 'झेडॉक द प्रीस्ट'मध्ये तंतुवाद्यं दीडेक मिनिट नुसता ताण वाढवत नेतात. मग सात आवाजांत विभागलेलं समूहगान ट्रम्पेट आणि नगाऱ्यांसह एकदम उसळतं. तेव्हापासून प्रत्येक ब्रिटिश राज्याभिषेकाला ही रचना गायली गेली आहे.

एकोणिसाव्या शतकात हे संगीत चर्चमधून टाउन हॉलमध्ये आलं. हडर्सफील्डसारख्या गिरणगावात १८३६ मध्ये हौशी गायकांची संस्था उभी राहिली. बर्मिंगहॅमच्या महोत्सवात १८४६ साली मेंडेल्सनचं 'एलायजा' गाजलं. तिथेच १९०० मध्ये एल्गारचं 'द ड्रीम ऑफ जेरॉन्शियस' कोसळलं. तालमी अपुऱ्या होत्या आणि मूळचा समूहगान-प्रशिक्षक ऐन वेळी वारला होता. कृती थोर असली तरी तालमीला वेळ आणि पैसा नसेल तर ती उभी राहत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला.

ग्लॉस्टर, वूस्टर आणि हेरफर्ड या तीन कॅथीड्रलांचा फिरता महोत्सव मात्र अठराव्या शतकापासून टिकून आहे. संगीतकार हर्बर्ट हॉवेल्सचा नऊ वर्षांचा मुलगा १९३५ मध्ये गेला. त्या दुःखातून लिहिलेलं 'हिम्नस पॅराडिसी' हॉवेल्सने अनेक वर्षं जवळच ठेवलं आणि १९५० मध्ये ते याच महोत्सवात ग्लॉस्टरला प्रथम गायलं गेलं. त्यात वाद्यवृंद गायकांना नुसती साथ देत नाही, त्यांचा श्वासच होतो.

संगीतकार बेंजामिन ब्रिटनने 'वॉर रेक्विएम'मध्ये (कॉव्हेंट्री, १९६२) घरचा आणि पाहुणा समोरासमोर उभे केले. लॅटिन प्रार्थनेला मोठा वाद्यवृंद, विल्फ्रेड ओवेनच्या युद्धकवितांना छोटा आणि दुरून ऐकू येणाऱ्या मुलांच्या आवाजाला ऑर्गन. रोजच्या उपासनेचा स्वर युद्धापासून किती दूर राहिला आहे, हे वाद्यांच्या निवडीतूनच कळतं.

आज संगीतकारांची वाण नाही. जॉन रटरच्या 'रेक्विएम'ची (१९८५) वाद्यवृंदासाठी एक आणि मोजक्या वाद्यांसह ऑर्गनसाठी दुसरी अशी दोन रूपं आहेत. स्कॉटलंडच्या जेम्स मॅकमिलनने 'सेव्हन लास्ट वर्ड्स फ्रॉम द क्रॉस'मध्ये (१९९३) फक्त तंतुवाद्यांवर भागवलं. ही काटकसर कल्पक आहे. पण सगळंच काटकसरीत बसत नाही. मे २०२३ च्या राज्याभिषेकासाठी बारा नव्या रचना करवून घेतल्या गेल्या. त्याआधी दोनच महिने बीबीसीने आपला व्यावसायिक गायकवृंद बंद करण्याचा आणि आपल्या इंग्लंडमधल्या वाद्यवृंदांतली पदं घटवण्याचा बेत जाहीर केला होता. विरोध झाल्यावर गायकवृंद वाचला.

समारंभापुरता पैसा ओतून ही कला जगणार नाही. नव्या रचनेची घोषणा करतानाच तिच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयोगाची, पुऱ्या वाद्यवृंदासह तालमींची तरतूद महोत्सवांनी आणि नभोवाणीने करायला हवी.