देणे देवाचे, ऋण माणसांचे

ख्रिस्ती धर्मात नम्रतेला जे स्थान आहे, त्याविषयी आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांची समजूत अपुरी असते. गुडघे टेकावे, मान खाली घालावी आणि स्वतःस पापी म्हणवून घ्यावे, एवढीच त्यांना ती नम्रता दिसते. वस्तुतः तिचे मूळ पापाच्या जाणिवेइतकेच दानाच्या जाणिवेतही आहे. संत पौलाने करिंथ येथील मंडळीस जे पत्र लिहिले, त्यात आपापल्या गुरूंवरून भांडणाऱ्या त्या लोकांस त्याने हेच विचारले आहे. तुमच्यापाशी जे जे आहे ते सारे मिळालेलेच असेल, तर स्वतः कमावल्याचा तोरा कशासाठी, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे.

परंतु मिळालेले झाकून ठेवणे ही नम्रता नव्हे, हेही त्याच धर्माचे सांगणे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील दृष्टान्तात एक धनी परदेशी जाताना तीन चाकरांपाशी ठेव सोपवितो. दोघे ती वाढवितात. तिसरा भीतीने जमिनीत पुरून ठेवतो आणि जशीच्या तशी परत करतो. धनी रागावतो तो या तिसऱ्यावर. लूकच्या शुभवर्तमानात मरिया आपल्यास दासी म्हणवते आणि त्याच गाण्यात पुढील साऱ्या पिढ्या आपल्यास धन्य म्हणतील असेही सांगते. यात विसंगती नाही. कारण जे थोर घडले ते आपल्या ठायी घडले, आपल्या कर्तृत्वाने नव्हे, हे ती जाणून आहे. तेव्हा देणगी कोणी दिली आणि ती कोणासाठी वापरली, हे दोन प्रश्न विचारले म्हणजे ख्रिस्ती नम्रतेची पारख होते. त्या कसोटीला मराठीतील दोन ख्रिस्ती कवी लावून पाहावे, असा आमचा येथे विचार आहे.

पहिला कवी फादर टॉमस स्टीफन्स. हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यास आला, आणि १६१९ साली त्याचा अंत झाला तोही इकडेच. मधल्या चाळीस वर्षांतील बराच काळ त्याने साष्टीत घालविला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या पुराणाचे छत्तीस अवस्वरू, दुसऱ्याचे एकोणसाठ, आणि ओव्या सुमारे अकरा हजार, असा त्याचा विस्तार आहे. आरंभी तो मराठी भाषेची जी स्तुती करतो, ती पाठ्यपुस्तकांतून आपल्या परिचयाची झालेली आहे. फुलांत मोगरा, सुगंधांत कस्तुरी, तशी भाषांत मराठी, अशा उपमांची तेथे माळच आहे. परकीयाने आपल्या भाषेस इतके वाखाणावे याने आपण सुखावतो आणि बहुधा तेथेच थांबतो.

आम्हांस त्या ओव्यांहून त्याची गद्य प्रस्तावना अधिक महत्त्वाची वाटते. त्या देशीच्या भाषांत परमेश्वराच्या गोष्टी सांगण्यास मराठी योग्य दिसली, म्हणून पुराण मराठीत लिहिले, असे तो तेथे सांगतो. परंतु शुद्ध मराठी मध्यम लोकांस कळत नाही, म्हणून मागील कवेश्वरांचे पुष्कळसे अवघड शब्द सोडले आणि ब्राह्मणांच्या भाषेतील सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले, असाही तो खुलासा करतो. ब्राह्मणांची भाषा म्हणजे आपली कोकणी. ज्याची ती जन्मभाषा नाही, अशा माणसाने मोठ्या कष्टाने ग्रांथिक मराठी संपादन करावी, आणि संपादन केल्यावर श्रोत्यासाठी तिचा भारदस्तपणा स्वखुशीने उतरवावा, ही गोष्ट सामान्य नव्हे. नव्याने भाषा शिकलेला पंडित अवघड शब्दांचे प्रदर्शन मांडतो, हा सर्वत्रांचा अनुभव आहे. स्टीफन्सने तसे केले नाही. देणगी कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर त्याने आपल्या शब्दयोजनेतच दिले आहे. या नियतकालिकाच्या दोन्ही भाषा वाचणाऱ्यांस ते कोणी समजावून सांगावयास नको.

आता दुसरा प्रश्न: देणगी कोणाकडून? देवाकडून, असे स्टीफन्सचे उत्तर आहे, आणि धर्मदृष्ट्या ते पुरेसे असेल. तथापि देव ओवी आकाशातून टाकीत नाही. ती ज्ञानेश्वरांच्या, एकनाथांच्या आणि कित्येक अनाम कथेकऱ्यांच्या मुखातून येते. १५९९ साली एकनाथांनी देह ठेवला, तेव्हा स्टीफन्स गोव्यास येऊन वीस वर्षे झाली होती. पुराण हा साहित्यप्रकार, ओवी हा छंद, स्वर्गास वैकुंठ म्हणण्याची सोय, हे सारे त्याने येथूनच उचलले. ज्यांचे घेतले ते 'मागील कवेश्वर' एवढ्या मोघम शब्दांत आटोपतात. ज्ञानेश्वरांनी ग्रंथभर निवृत्तिनाथांपुढे मस्तक नमविलेले आपण पाहिले आहे. त्यामुळे ही उणीव आपणांस विशेष जाणवते.

यापेक्षा अवघड गोष्ट पुढेच आहे. या पुराणाच्या आरंभीच्या भागात एक ब्राह्मण येतो. पूर्वीची पुराणे आता बंद झाली, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही द्यावे, अशी त्याची विनवणी आहे. कवीने ती ग्रंथाचे निमित्त म्हणून सांगितली. आपण मात्र ती निराळ्या कानांनी ऐकतो. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडली गेली. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली, कुडथाळचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळास गेला. १५८३ साली कुंकळ्ळीस पाच जेझुइट पाद्री मारले गेले आणि त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांस असोळण्याच्या किल्ल्यात विश्वासघाताने ठार करण्यात आले. तेव्हा स्टीफन्स गोव्यातच होता. ज्यांच्या कुळाने देव खांद्यावर घेऊन जुवारीचे पात्र ओलांडले, त्यांनी या कवीच्या नम्रतेवर विश्वास ठेवावा काय?

आमचे मत असे आहे. साष्टीतील देवळे पाडली गेली ती स्टीफन्स येण्यापूर्वी. तो दोष त्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. त्याची देवाविषयीची कृतज्ञता आम्ही खोटी मानीत नाही. ती अपुरी आहे, असे मात्र आम्हांस म्हणावे लागते. रिकामी केलेली जागा आपल्यास मिळाली हे त्यास ठाऊक होते, कारण ब्राह्मणाच्या तोंडी ते त्यानेच घातले आहे. तरी त्या रितेपणाबद्दल खेदाचा शब्द त्याच्या लेखणीतून उतरत नाही. देणाऱ्या माणसाचे ऋण जेथे मोजले जात नाही, तेथे देवाच्या देण्याचे मोलही फार काळ राखले जात नाही. ज्या भाषेचा आश्रय स्टीफन्सने केला, ती येथील लोकांनी तीन वर्षांत टाकून द्यावी, असा हुकूम गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने १६८४ साली काढला. कवीची कृतज्ञता त्याच्या सत्तेपर्यंत पोहोचलीच नाही.

या उणिवेची भरपाई सुमारे तीनशे वर्षांनी झाली, ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडून. कोकणात १८६१ साली चित्पावन घरात जन्मलेल्या टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या समाजात त्याचे काय परिणाम झाले, ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. आमच्या विषयाशी संबंध आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे टिळक उघड म्हणत. ज्या घरातून आपण बाहेर पडलो त्या घराची शिदोरी आपल्या खांद्यावर आहे, हे सांगण्यात त्यांना नव्या धर्माचा कमीपणा वाटला नाही. त्यांनी ख्रिस्ती मंडळीत भजन आणि कीर्तन आणले, अभंग रचले, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. १९१९ साली ते गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. शाळेचे शिक्षण जवळजवळ न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले. पतीची ठेव त्यांनी पुरून ठेवली नाही, असेच त्या दृष्टान्ताच्या भाषेत म्हणता येईल.

काव्यगुणात टिळक स्टीफन्सहून मोठे, असा आमचा दावा नाही. एवढ्या विस्ताराची कथा सलग पेलण्याचे स्टीफन्सचे सामर्थ्य टिळकांस क्वचितच साधते. परंतु नम्रतेच्या कसोटीला टिळक अधिक उतरतात. त्यांनी देवाचे देणे मान्य केले आणि ज्या माणसांच्या हातून ते आले त्यांची नावेही घेतली.

म्हणून आमच्या देवस्थानांच्या वाचनालयांत या दोघांचे ग्रंथ असावेत, असे आम्हांस वाटते. 'ख्रिस्तपुराणा'ची देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ सालीच सिद्ध केली. ते वाचताना म्हार्दोळ आणि कवळे विसरण्याची आवश्यकता नाही. किंबहुना ती आठवण ठेवूनच ते वाचावे. आणि वाचून झाल्यावर तीच कसोटी आपण आपल्यासही लावावी. आपल्या देवळांतील चौघड्याचे वादक, फुले गुंफणारे हात, पालखीचे भोई आणि दिवजांची सेवा करणाऱ्या स्त्रिया यांच्याकडून आपला उत्सव आपणांस मिळतो. वार्षिक अहवालात देवाच्या कृपेचा उल्लेख पहिल्या ओळीत असतो. या माणसांची नावे त्यात किती वेळा येतात, हे प्रत्येक महाजनाने स्वतःच पाहावे.