हळहळ आणि श्रवण

आमच्या परिचयातील एक वृद्ध रसिक होते. नाशिकच्या जुन्या वस्तीतील त्यांच्या माडीवर चावीचा ग्रामोफोन होता आणि शेजारी कापडात गुंडाळून ठेवलेल्या काही ध्वनिमुद्रिका. पंडित दत्तात्रेय विष्णु पलुस्करांची मुद्रिका लावली की ते डोळे मिटून बसत. मात्र गाणे शेवटच्या आवर्तनापाशी आले की त्यांच्या तोंडून हटकून उद्गार निघे, "अरेरे, ३४ म्हणजे काय वय होते!" परिणामी समेवर विसावणारा अखेरचा स्वर त्या घरी आम्हांला कधीच निर्वेधपणे ऐकता आला नाही. त्यांचे दुःख खरे होते. पण तेच दुःख गाण्याच्या आड येत होते, हे आमच्या ध्यानात यायला बराच काळ जावा लागला.

पलुस्करांचे नाशिकशी असलेले नाते जन्माचे आहे. गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली आणि संगीताला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी देशभर भ्रमंती केली. उत्तरायुष्यात ते रामभक्तीकडे वळले आणि नाशिकला त्यांचा आश्रम उभा राहिला. याच शहरात २८ मे १९२१ रोजी दत्तात्रेयांचा जन्म झाला. पुत्र अवघा दहा वर्षांचा असताना, १९३१ साली, पित्याचे निधन झाले. पुढील शिक्षण पित्याच्याच शिष्यांकडे, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे झाले. वयाच्या चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात हा मुलगा गायला. १९५५ साली भारताच्या सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर त्यांनी चीनचा दौरा केला आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला मेंदूज्वराने त्यांचे निधन झाले. रसिकांचे 'बापूराव' गेले, ते मैफली ऐन रंगात आल्या असताना.

तेव्हापासून या गायकाविषयी जे बोलले आणि लिहिले जाते, त्याचा आरंभ आणि शेवट 'अकाली' या एका शब्दापाशी होतो. भीमसेन जोशी त्यांच्याहून वर्षाने लहान आणि कुमार गंधर्व तीन वर्षांनी. भीमसेनांना २०११ पर्यंत आयुष्य लाभले, कुमारांना १९९२ पर्यंत. मग हिशेब मांडला जातो. बापूराव जगते तर कोणत्या उंचीवर पोहोचले असते, ग्वाल्हेर घराण्याचे चित्र कसे पालटले असते, किती शिष्य तयार झाले असते! हा हिशेब मांडण्याचा मोह आम्हांलाही होतो. तथापि समीक्षेच्या दृष्टीने तो निष्फळ आहे, असे आमचे मत आहे. जे गायले गेलेच नाही, त्याचे मोल करता येत नाही. आणि त्या न गायलेल्या गाण्याच्या शोकात गायलेले गाणे 'अपुऱ्या आश्वासनाचा नमुना' म्हणून ऐकले जाते. हा त्या गायकावर अन्याय आहे.

वस्तुतः पलुस्करांच्या गायनात सर्वाधिक जाणवते ती पूर्णताच. त्या काळच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची असे. मैफलीत अर्धा तास फुलणारा राग इतक्या अवधीत मांडायचा, तर बहुतेकांची धांदल उडे. कोणी आलाप आखडता घेई, कोणी तानांची गर्दी करी. पलुस्करांच्या मुद्रिका ऐकताना घड्याळाची आठवण होत नाही. याचे मूळ त्यांच्या तालमीत आहे. ग्वाल्हेरची शिस्त अशी की, स्थायी आणि अंतरा आधी स्वच्छ, सांगोपांग मांडावेत आणि मग विस्ताराला हात घालावा. बंदिश हाच रागाचा आराखडा. तो आराखडा ज्याच्या गळ्यात पक्का बसला आहे, त्याला तीन मिनिटे अपुरी पडत नाहीत. छोट्या कौलारू घरातही ओटी, माजघर आणि देव्हारा यांची जागा ठरलेली असावी, तसे हे गाणे आहे.

त्यांचा श्री राग ऐकावा. सांजवेळेचा हा गंभीर राग आहे. त्यातील कोमल ऋषभावरून पंचमाकडे घेतलेली झेप गायकाची परीक्षा पाहणारी असते. पुष्कळ गायक ती झेप घेतल्याचे श्रोत्यांना जाणवून देतात. पलुस्कर ती अशी घेतात की, परीक्षा झाल्याचे आपल्याला कळतच नाही, फक्त दिवस कलल्याची जाणीव होते. गौडसारंगाची चाल वाकडी, एक पाऊल पुढे तर एक मागे. त्या वळणांतून जाताना त्यांचा आवाज कोठेही अडखळत नाही आणि आपल्या सफाईकडे बोटही दाखवीत नाही. स्वर निर्मळ, शब्द स्पष्ट आणि तान दाणेदार. पण ती तान येते बंदिशीच्या ओघात, पाहुण्यासारखी मिरवत नाही.

भजनांनी त्यांना घराघरांत नेले. बालरामाच्या पावलांचे वर्णन करणारे तुलसीदासांचे भजन आणि मीरेची पदे ही पलुस्करांच्या आवाजाशी कायमची जोडली गेली आहेत. अनेकांना पलुस्कर म्हणजे एवढेच ठाऊक असतात आणि रागसंगीताचे जाणकार याबद्दल नाराजी व्यक्त करतात. आम्हांला ही विभागणी मान्य नाही. बालरामाच्या त्या भजनात तयारीचा गळा आहे, परंतु तो प्रत्येक क्षणी शब्दाच्या आज्ञेत वागतो. मूल दुडुदुडु चालते तेथे लय दुडुदुडु चालते, आई त्याला उचलून घेते तेथे स्वर ओथंबतो आणि तेथेच थांबतो. डोळ्यांत पाणी आणण्याची खटपट गायक करीत नाही. ख्याल गाताना जो संयम, तोच भजन गाताना. कोठे किती थांबावे, हे ज्याला कळले, तो दोन्ही ठिकाणी एकच माणूस असतो.

१९५२ सालच्या 'बैजू बावरा' चित्रपटात नौशादांनी उस्ताद अमीर खाँ आणि पलुस्कर यांची देसी रागातील जुगलबंदी योजिली. तानसेनाचा आवाज खाँसाहेबांचा, बैजूचा पलुस्करांचा. कथेनुसार बैजू जिंकतो. पलुस्करांचे चाहते हा विजय अजूनही कौतुकाने सांगतात. पण पडद्याकडे पाठ करून ऐकले, तर तेथे जय-पराजय नाहीच. एक आवाज खोल विहिरीसारखा, दुसरा उन्हात वाहणाऱ्या पाटासारखा. दोघेही एकमेकांसाठी जागा सोडून गातात. शोकाकुल चाहत्याला आपला गायक विजयी हवा असतो. गायकाला तशी गरज वाटलेली दिसत नाही.

या गायनावर एक आक्षेप घेता येतो आणि तो आम्ही लपविणार नाही. त्यात झगडा नाही. क्षयाच्या आजारातून उठलेल्या कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांत श्वास तुटतो, स्वर अंधारात फेकला जातो आणि ऐकणारा अस्वस्थ होतो. पलुस्कर अस्वस्थ करीत नाहीत. वय वाढते तर त्या निर्मळ आवाजाला एखादी चीर पडून आणखी काही प्रकटले असते का? असा प्रश्न आमच्याही मनात उठतो, आणि मग उमगते की आम्हीही त्या वृद्ध रसिकाच्याच पंगतीला जाऊन बसलो! प्रसन्नता ही वेदनेच्या अलीकडची पायरी आहे, हे गृहीत धरण्याचे कारण नाही. दहाव्या वर्षी पितृछत्र गमावलेल्या या गायकाची प्रसन्नता अननुभवाची असेल, असे आम्हांला वाटत नाही. ती कमावलेली आहे.

२६ ऑक्टोबरनंतर आठवड्याच्या आत सर्व मृतांचा स्मरणदिन येतो. २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत जाऊन आप्तांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. त्या दिवशीची प्रार्थना दिवंगताच्या न जगलेल्या वर्षांची बेरीज करीत नाही. जे आयुष्य होते, ते ती देवाच्या हाती सोपविते. कलावंताचे स्मरणही असेच असावे, असे आम्हांस वाटते. १९६३ साली व्हॅटिकन महासभेने उपासनेत स्थानिक संगीतपरंपरांना स्थान देण्यास सांगितले आणि आपल्या धर्मग्रामांत पेटी-तबल्यावर भजने घुमू लागली. शब्द स्वच्छ उच्चारणे आणि गळ्याला शब्दाच्या सेवेत ठेवणे, हा या नाशिककर गायकाचा धडा आपल्या गायकवृंदांनाही उपयोगी पडणारा आहे.

पंचवटीत इंद्रकुंडापाशी पलुस्करांच्या नावाचे सभागृह आहे. शहराने नाव जपले, हे चांगलेच झाले. परंतु नाव जपणे वेगळे आणि गाणे ऐकणे वेगळे. ते वृद्ध रसिक आता हयात नाहीत. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आम्ही तोच श्री राग घरी लावला. शेवटचे आवर्तन आले, आणि सवयीने तो उद्गार आमच्याच ओठांवर आला. या वेळी तो आम्ही आवरला. स्वर समेवर आला, टेकला आणि थांबला. त्यात काही उणे नव्हते.