मुदपाकखान्याचे छप्पर

हा अंक आपल्या हाती पडेल त्या सुमारास घरात तळणीचा वास भरलेला असेल. चकलीचा पहिला घाणा निघाला, की शेजाऱ्यापाजाऱ्यांना तर कळतेच, पण जिना चढणाऱ्या पोस्टमनलाही कळते. आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रज उमरावांना मात्र या वासाचा भारी धसका होता. रॉबर्ट कर नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने १८६४ साली ‘द जंटलमन्स हाउस’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला. सभ्य गृहस्थाचे घर कसे असावे याचे ते जणू धर्मशास्त्रच. मुदपाकखान्याचा वास भोजनगृहापर्यंत पोहोचू नये म्हणून काय काय करावे, याचा त्यात मोठा खल आहे. वासाबरोबर आणखी एका गोष्टीचाही बंदोबस्त आहे, तो म्हणजे नोकरमाणसांचा. मालक आणि चाकर एका छपराखाली राहणार, पण ती दोन निराळी जगे. एकाने दुसऱ्याच्या दृष्टीस पडू नये, कानी येऊ नये, असा हा दंडक.

हा दंडक दगडाचुन्यात उतरलेला पाहायचा असेल, तर इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात, बॉडमिन गावाजवळचे लॅनहायड्रॉक हे घर पाहावे. ‘घर’ म्हणायचे ते इंग्रजी रीतीने. आज पाहायला खुली असलेली दालनेच पन्नासाच्या घरात भरतात. या घराचा मुंबईशी एक दूरचा धागा आहे. ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवरकडे माना उंचावून पाहणाऱ्यांनी ज्याची कृती पाहिली आहे, त्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने १८५७ साली लॅनहायड्रॉकमध्ये काही फेरफार केले होते. (स्कॉटने मुंबई कधीच पाहिली नाही, नकाशे लंडनमध्ये काढले, टॉवर उभा राहिला इथे.) लॅनहायड्रॉकच्या कामावर त्याच्या हाताखाली रिचर्ड कोड नावाचा कॉर्नवॉलचाच एक शिल्पज्ञ होता. आपल्याला काम आहे ते या कोडशी.

मूळ घर सतराव्या शतकातले, रोबार्ट्स घराण्याचे. ४ एप्रिल १८८१ रोजी मुदपाकखान्याच्या धुराड्यात आग लागली, वारा सुटलेला होता, आणि पाहता पाहता घराचा बहुतेक भाग जळून गेला. वृद्ध लेडी रोबार्ट्सना खिडकीतून शिडीने खाली उतरवावे लागले. त्या आगीतून वाचल्या, पण धक्क्याने थोड्याच दिवसांत गेल्या. पुढच्या वर्षी लॉर्ड रोबार्ट्सही गेले. मुलाने कोडला बोलावले आणि घर पुन्हा उभे करायला सांगितले.

कोडने काय केले? बाहेरून त्याने जुनेच घर पुन्हा बांधले. तोच करडा ग्रॅनाइट, त्याच दगडी उभ्या दांड्यांच्या खिडक्या, माथ्यावर तसेच किल्ल्यासारखे कंगोरे. आत मात्र लोखंडी तुळया आणि काँक्रीट घातले, सगळे घर गरम राहावे म्हणून नळ फिरवले. पणजोबांचा अंगरखा घालून आगगाडीचा इंजिनियर उभा राहावा, तसे हे घर दिसते. व्हिक्टोरियन वास्तूंवर नेहमीचा आरोप हाच, की त्यांना स्वतःचा चेहरा नाही; कधी गॉथिक, कधी एलिझाबेथन, जे हाती येईल ते उसने घ्यायचे. आरोप खोटा नाही. पण ज्याचे आईबाप त्या आगीने नेले, त्याला जुनाच चेहरा परत हवासा वाटला, तर मला त्याचा राग येत नाही. शिवाय आगीतून बचावलेल्या उत्तरेकडच्या भागात ११६ फूट लांबीचे एक दालन आहे. त्याच्या छतावर जुन्या करारातील कथा चुन्यात कोरलेल्या आहेत. एवढे अस्सल शेजारी असताना त्याच्याशी जुळवून घेण्यात कमीपणा कसला?

दिवाणखाना, भोजनगृह, बिलियर्डची खोली, धूम्रपानाची खोली यांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. त्या प्रशस्त आहेत, उबदार आहेत, आणि एक पाहिली म्हणजे त्या काळच्या दहा घरांतल्या पाहिल्यासारख्या आहेत.

खरी गोष्ट मागच्या बाजूस सुरू होते. मुदपाकखान्यात पाऊल टाकले, की मान आपोआप वर जाते. एखाद्या जुन्या विद्यापीठाचे सभागृह असावे तसे उंच, उतरते लाकडी छप्पर. आणि त्याखाली, हाताला कधीच न लागणाऱ्या उंचीवर, खिडक्यांची रांग. या खिडक्या उघडमीट करायला खाली चाके आणि वर दांडे यांची योजना आहे. मोठ्या चुलाण्यापुढे मांस भाजायच्या आडव्या सळया. त्या फिरवायला माणूस लागत नाही. धुराड्यातून वर चढणारी गरम हवाच आतला पंखा फिरवते आणि पंखा सळया फिरवतो. जिथे तिथे धुराची, वाफेची, उष्णतेची वाट विचारली आहे आणि त्याप्रमाणे भिंत उभी केली आहे. इथे कोडला कोणाचा अंगरखा उसना घ्यावा लागला नाही.

याला लागून लहान लहान खोल्यांची ओळ आहे, आणि ती मला त्या छपराइतकीच आवडते. पावाची भट्टी वेगळी. पेस्ट्रीचे पीठ मळायची खोली वेगळी, कारण त्या पिठाला गारवा लागतो. मांसाची कोठी वेगळी, मासळीची वेगळी, कोरड्या जिनसांची वेगळी. दुधाच्या दोन खोल्या. एकीत दूध मंद आचेवर तापवून कॉर्नवॉलची ती प्रसिद्ध दाट साय धरायची. दुसरीत संगमरवरी ओट्यावर सगळे गार ठेवायचे. या ओट्याभोवती पाण्याची पन्हळ आहे, आणि तिच्यात टेकडीवरून आणलेले थंड पाणी वाहते. बर्फ नाही, यंत्र नाही. फक्त दगड, उतार आणि पाणी. आपल्याकडच्या कोणाही गृहिणीला ही खोली कोणी समजावून सांगावी लागणार नाही.

तेव्हा या घरातली सर्वोत्तम वास्तू तिच्या मुदपाकखान्यात आहे असे मी म्हणतो. पण इथेच थोडे थांबले पाहिजे. ते उंच छप्पर कोणासाठी? चुलाण्यासमोर घामाघूम होणाऱ्या स्वयंपाकिणीसाठी असावे, असे प्रथम वाटते. करचा ग्रंथ आठवला म्हणजे तो भ्रम जातो. वास आणि धूर वरच्या वर निघून जावा, घरात शिरू नये, हा मुख्य हेतू. तिला उकाडा कमी लागला असेल तर तो वरकड लाभ. मुदपाकखाना लांब ठेवला म्हणजे अन्न निवणार. म्हणून भोजनगृहाच्या शेजारी वाढपाची खोली आणि तीत ताटे ऊन ठेवणारे कपाट. थाळी निवू नये याची काळजी केली, थाळी आणणाऱ्याच्या पायांची नाही.

नकाशा समोर ठेवून पाहावे. चाकरांचे जिने निराळे; त्यांतही पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा. मोलकरणींच्या खोल्या एकीकडे, पुरुष नोकरांच्या दुसरीकडे. अशा घरांतून मालकाची बाजू आणि नोकरांची बाजू यांच्यामध्ये हिरवी बनात ठोकलेले दार असे. ते मिटले की पलीकडची भांडी आदळलेलीही अलीकडे ऐकू येऊ नयेत. शेगडी पेटलेली दिसावी, पेटवणारी दिसू नये. इतक्या बारकाईने आखलेल्या नकाशाचे कौतुक करताना माझी लेखणी दर वेळी अडखळते. तो उत्तम आहे यात शंका नाही. कशासाठी उत्तम, हे विचारल्यावाचून त्याला गुण देता येत नाहीत, आणि वास्तुकलेच्या पुस्तकांत हा प्रश्न टाळून गुण दिलेले मी पुष्कळदा पाहिले आहेत.

या नकाशात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती म्हणजे न दिसणारी माणसे हवी तितकी मिळत राहतील. पहिल्या महायुद्धाने ती गृहीत गोष्ट मोडली. घराचा थोरला मुलगा टॉमी १९१५ साली लूजच्या लढाईत मारला गेला. पुढे नोकरमाणसेही पूर्वीसारखी मिळेनाशी झाली, आणि एवढे मोठे घर चालवायचे कसे हा प्रश्न इंग्लंडात घरोघरी पडू लागला. शेवटी १९५३ साली टॉमीच्या भावाने लॅनहायड्रॉक नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केले.

आता तिथे तिकीट काढून कोणीही जाते, आणि कोडने कधी एकमेकांना भेटू न दिलेल्या दोन्ही वाटांनी एकाच दुपारी फिरते. दिवाणखान्यातून लोक हलक्या पावलांनी पुढे सरकतात. मुदपाकखान्यात मात्र रेंगाळतात. कोणी चुलाण्यापुढच्या सळयांचे गुपित शोधत धुराड्यात डोकावते, कोणी वरच्या खिडक्यांच्या दांड्यांचा माग काढत मान मोडून घेते, मुले दुधाच्या ओट्याला हात लावून तो खरेच गार आहे का हे पाहू लागतात. वास मात्र कसलाच येत नाही.